मोटारीचे अभ्यंगस्नान

दिवाळी म्हटली की तेल आलेच. पणतीत तेल, कढईत तेल आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे डोक्यावर तेल. आमच्या घरी या तिन्ही तेलांवरून दर वर्षी थोडीबहुत कुरबुर होतेच. चकल्या शेंगदाण्याच्या तेलात तळाव्यात की करडईच्या, यावर आमची सौ. आणि माझी थोरली बहीण यांचे गेल्या चाळीस वर्षांत एकमत झालेले नाही आणि पुढे होईल अशी चिन्हेही नाहीत. परंतु गेल्या दिवाळीत आमच्याकडे जो तंटा पेटला तो चौथ्याच तेलाचा होता, आणि त्यात स्वयंपाकघराचा काडीमात्र दोष नव्हता. मोटारीच्या इंजिनात कोणते तेल घालावे, असा तो प्रश्न होता. एका बाजूला अमेरिकेहून आलेला पुतण्या, दुसऱ्या बाजूला आमचे मिस्त्री, आणि मध्ये मी. या विषयातले माझ्याइतके अज्ञान घरात दुसऱ्या कुणाकडे नसल्यामुळे न्यायाधीशाची जागा साहजिकच माझ्याकडे आली.

मोटार कोणती ते आधी सांगितले पाहिजे. आजकाल ‘एम. जी.’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे २०१९ पासून आपल्याकडे मिळू लागलेल्या त्या नव्या उंच गाड्या उभ्या राहतात. आमची एम. जी. ही त्यांची नावापुरती आजी. इंग्लंडातल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात १९५२ साली तयार झालेली ‘टी. डी.’ जातीची ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्‌स मोटार. लांब नाक, दोन्ही अंगांना पायऱ्या, पाठीवर स्टेपनी. इंजिन साडेबाराशे सी. सी.चे आणि ताकद ५४ घोड्यांची. आजच्या साध्या घरगुती मोटारीलाही याहून जास्त ताकद असते. पण हिच्यात बसलेल्या माणसाला ताशी चाळीस मैलांतच आपण शर्यत जिंकल्याचा भास होतो. १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत अशा जवळजवळ तीस हजार मोटारी निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. एक तेवढी पुण्याला यायची होती.

ती आणली आमच्या आप्पाकाकांनी. १९५६ साली मुंबईचा एक इंग्रज साहेब गाशा गुंडाळून मायदेशी निघाला, त्याच्याकडून. पुढच्याच वर्षी त्यांचे लग्न झाले आणि त्या वर्षीच्या पाडव्याला नवी नवरी शेजारी बसवून आप्पाकाका खडकवासल्याच्या धरणापर्यंत फिरून आले. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याने त्यावर महिनाभर चर्चा केली असे ऐकतो.

आप्पाकाकांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. मोटार सांभाळायचे काम त्यांनी जाताना माझ्यावर सोपवले, आणि त्याबरोबर एक जाडजूड वहीही दिली. तिच्यात मोटारीचे तेल कधी बदलले त्याची तारीख, मैल आणि तेलाचा प्रकार, सारे त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेले आहे. मीही काही वर्षे ते व्रत चालवले. मग गुडघे दुखू लागले, वाहतूक वाढली, आणि मोटार पत्र्याच्या शेडमध्ये आच्छादनाखाली गेली. सहा वर्षे ती रस्त्यावर आली नव्हती. वहीतही सहा वर्षांची पाने कोरी होती.

अशात दसऱ्याच्या दिवशी सोने द्यायला मी काकूंकडे गेलो. काकू आता नव्वदीला टेकल्या आहेत. आपट्याचे पान हातात घेऊन त्या म्हणाल्या, “या पाडव्याला मला एकदा त्या गाडीतून खडकवासल्याला नेशील का रे? पुढचं कुणी पाहिलंय?”

नाही म्हणणे शक्यच नव्हते. डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, “खुशाल न्या. पण वाटेत बंद पाडून त्यांना उन्हात तिष्ठत ठेवू नका.”

तात्पर्य, जाऊन येऊन चाळीस किलोमीटरांच्या आतला प्रवास. पण तो चुकता उपयोगी नव्हता.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी काकूंचा नातू, म्हणजे माझा पुतण्या, अमेरिकेहून आला. तो मिशिगनमध्ये संगणकाच्या कारखान्यात इंजिनियर आहे. आजोबांची हौस त्याच्या रक्तात उतरली आहे, म्हणून त्यानेही तिकडे दोन माणसांची उघडी मोटारच घेतली आहे. जपानी बनावटीची माझदा मियाता. १९८९ साली जपान्यांनी ही गाडी काढली ती जुन्या इंग्लिश स्पोर्ट्‌स मोटारींवरूनच स्फूर्ती घेऊन. म्हणजे पाहा, आजोबांनी इंग्लंडची पसंत केली आणि नातवाने तिचीच जपानी नात!

त्याने शेडमध्ये जाऊन तेलाची पट्टी ओढली, नाकाशी धरली आणि तोंड वाकडे केले. “काका, हे तेल आहे की डांबर? आधी बदलायला हवं. मी फुल सिंथेटिक मागवतो. माझ्या गाडीत तेच असतं.”

मिस्त्री त्या वेळी गावी गेले होते. मला वाटले, पोरगा इंजिनियर आहे, अमेरिकेत राहतो, त्याला कळत असणारच. संगणकाचा इंजिनियर आणि मोटारीचा इंजिनियर यांत काही अंतर असते हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले नाही. तिसऱ्या दिवशी घरपोच डबे आले. त्यांची किंमत ऐकून आमच्या सौ.ने हातातला झारा खाली ठेवला. “एवढ्यात चारी दिवसांचा फराळ झाला असता,” ती म्हणाली. डब्यावर अक्षरे होती ‘शून्य-डब्ल्यू-वीस’. आम्ही दोघांनी मिळून जुने तेल काढले, नवे ओतले, इंजिन सुरू केले. आवाज गोड आला. आम्ही एकमेकांची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये पाहतो तो मोटारीखाली काळे तळे! सौ.ने दिवाळीसाठी स्वच्छ धुऊन घेतलेल्या फरशीवर ते थेट उंबऱ्यापर्यंत पोहोचले होते. पट्टीवरची पातळी बरीच उतरलेली. भर घालून इंजिन सुरू केले आणि चांगले गरम होऊ दिले, तर तेलाच्या दाबाचा काटा, जो आप्पाकाकांच्या वेळी गाडी धावताना चाळिसाच्या वर ताठ उभा असे, तो जागच्या जागी दहाच्या खाली येऊन लोंबकळू लागला. मी घाईघाईने किल्ली फिरवून इंजिन बंद केले. माझ्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहिल्या. एक काकूंचा चेहरा आणि दुसरी ती कोरी पाने.

मिस्त्रींना फोन केला. ते त्याच रात्रीच्या एस. टी.ने निघाले. सकाळी आले, काही बोलले नाहीत. बोट बुडवून तेल दोन बोटांत चोळले आणि मग माझ्याकडे पाहिले.

“साहेब, हे तेल नव्हे, तीर्थ आहे. ह्या बाईला हे पचायचं नाही. ते सिंथेटिक-बिंथेटिक भानगड आपल्या गाडीला नको.”

पुतण्याला ते लागले. “मिस्त्री, सिंथेटिकला नावं ठेवू नका. जेट विमानाच्या इंजिनात सिंथेटिक तेलच घालतात. अमेरिकेत १९७४ पासून ते साध्या मोटारवाल्यांनाही दुकानात मिळतं आहे. १९९२ पासून तिथल्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्‌स मोटारीत तर कारखान्यातूनच ते भरून येत असे.”

“येत असेल. तुमची कॉर्व्हेट तिकडं, ही इकडं,” मिस्त्री म्हणाले आणि पाना उचलून मोटारीखाली शिरले.

त्या दिवशी शेडमध्ये जो वाद रंगला त्याचे सार मी वाचकांसाठी माझ्या बेताच्या भाषेत सांगतो, कारण तुमच्या स्कूटरीला आणि मोटारीलाही ते लागू आहे.

साधे इंजिन ऑइल हे जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलापासून शुद्ध करून काढतात. त्यातले कण लहान, मोठे, वेडेवाकडे, सर्व प्रकारचे असतात. जसे हातसडीच्या तांदळात अख्खे दाणे, तुकडे आणि कणी एकत्र असावी. सिंथेटिक तेलात रसायनशाळेत जोडून एकसारखे कण केलेले असतात. त्यामुळे ते कडाक्याच्या थंडीत लवकर घट्ट होत नाही, फार उष्णतेत लवकर जळत नाही आणि अधिक काळ टिकते. मात्र डब्यावर ‘सिंथेटिक’ लिहिलेले प्रत्येक तेल असे मुळापासून जोडलेले असतेच असे नाही. खनिज तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून काढलेल्या तेलालाही हा शब्द लावावा काय, यावर अमेरिकेत दोन मोठ्या तेल कंपन्यांत भांडण जुंपले होते. जाहिरातींचा निवाडा करणाऱ्या तिथल्या मंडळाने १९९९ साली ‘लावता येईल’ असा कौल दिला. तेव्हा नुसत्या त्या शब्दावर भाळून पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आता ते आकडे. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला. तो जितका लहान तितके तेल गारठ्यात लवकर वाहते. नंतरचा आकडा इंजिन गरम झाल्यानंतरच्या दाटपणाचा, शंभर अंश सेल्सिअसला मोजलेला. मिशिगनच्या जानेवारीत पारा उणे पंधरा-वीसवर उतरतो. तिथे आपले वीस-डब्ल्यू-पन्नास घातले तर पहाटे त्याचे श्रीखंड व्हायचे. शून्य-डब्ल्यूचे तेल उणे पस्तिसाच्या कसोटीला उतरलेले असते. म्हणून पुतण्याच्या मियाताला शून्य-डब्ल्यू-वीस हे योग्यच, आणि तिच्या कारखान्याने सांगितलेलेही तेच. त्या इंजिनाचे भाग इतक्या बारकाईने घडवलेले आहेत की पातळ तेलाची झिरझिरीत पापुद्र्याएवढी थरही त्यांना पुरते.

“पण पुण्यात बर्फ कधी पडलं?” मिस्त्रींनी मोटारीखालून विचारले.

या प्रश्नाला पुतण्याजवळ उत्तर नव्हते. शिवाय मिस्त्रींनी त्याला मोटारीखाली बोलावून आणखी एक गोष्ट दाखवली. आजच्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबराचे सील असते. आमच्या टी. डी.ला ते नाहीच. तिथे दांड्यावर नुसते उलट्या फेऱ्याचे आटे पाडलेले आहेत. इंजिन फिरत असताना ते आटे तेल परत चेंबरमध्ये ढकलतात. इंजिन थांबले की ढकलणे थांबते आणि तेल हळूच वाट काढते. दाट तेल थेंब-थेंब येते. पातळ तेल ओहोळ होऊन येते. शिवाय सत्तर वर्षांच्या बेअरिंगांतल्या फटी झिजून वाढलेल्या. त्यांतून पातळ तेल बाजूने निसटते आणि दाबाचा काटा झोपतो. वर, सहा वर्षांचा जो काळा गाळ आत साचला होता, तो नव्या तेलातल्या साफ करणाऱ्या द्रव्यांनी सुटू लागला होता. तो गाळ म्हणजे माझ्या आळसाची जमा.

हे ऐकताना मला १९६१ ची आठवण झाली. १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आप्पाकाकांनी त्या दिवशी या दोन माणसांच्या मोटारीत पाच-पाच माणसे कोंबून दोन खेपा पर्वतीच्या पायथ्याशी केल्या. तिसऱ्या खेपेला निघायच्या आत पाणी वाड्यात आले आणि मोटार छपरापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर आजच्या मिस्त्रींचे वडील आले. त्यांनी चेंबरचा नट काढला, तर आधी गढूळ पाणी आले, मग चिखल, आणि शेवटी ताकावर आलेल्या लोण्यासारखा पांढुरका लगदा. तेलात पाणी घुसळले गेले की असा लगदा होतो. घमेले धरून मी उभा होतो. त्यांनी स्वस्तातले तेल भरले, हँडलने इंजिन हातानेच फिरवले आणि ते तेल ओतून दिले. असे तीनदा केले. चौथ्या वेळी चांगले तेल भरून मोटार सुरू केली. त्या तीन वेळच्या तेलाची नोंदही वहीत आहे. ‘वाया’ असे लिहून आप्पाकाकांनी तो शब्द पुढे खोडला आहे.

“मग सिंथेटिक वाईट, असंच ना?” पुतण्याने खिन्न होऊन विचारले.

मिस्त्री बाहेर आले. हात पुसता पुसता जरा थांबले आणि जे बोलले त्याबद्दल माझा त्यांच्याविषयीचा आदर दुणावला. “तसं नाही हो, दादा. तीन वर्षांमागं माझ्याकडं एक नवी टर्बोवाली गाडी आली. तिच्या पुस्तकात सिंथेटिक सांगितलं होतं. मी म्हटलं, आपलं नेहमीचं दाट तेल काय वाईट? तेच घातलं. टर्बो म्हणजे भट्टीच. तेल आत जळून कोळसा झालं आणि टर्बो बसला. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण भरपाई मी पदरची केली. तेव्हापासून नव्या गाडीचं पुस्तक वाचल्याबिगर मी नट खोलत नाही.”

“मग या गाडीचं पुस्तक कुणी वाचलं?” पुतण्या म्हणाला.

आम्ही तिघेही गप्प झालो. खरेच, कुणी वाचले नव्हते. आप्पाकाकांच्या ट्रंकेतून कारखान्याची पुस्तिका निघाली. तिच्यात ‘सिंथेटिक’ हा शब्द कुठून असणार? पण हवेच्या मानाने दाट वा पातळ तेल वापरावे, हे मात्र साफ लिहिलेले होते. म्हणजे चूक सिंथेटिकची नव्हती. आम्ही प्रश्नच उलटा विचारला होता. तेल कोणत्या जातीचे हा दुसरा प्रश्न. किती दाट हा पहिला. सिंथेटिकही वीस-डब्ल्यू-पन्नास मिळते आणि खनिज तेलही पातळ मिळते.

मग आमच्या म्हातारीला दोन्हींपैकी काय द्यावे? इथे पुतण्याने रात्र जागवून केलेला अभ्यास उपयोगी पडला. जुन्या इंजिनात कॅम आणि टॅपेट एकमेकांवर थेट घासतात. त्यांना तेलातल्या जस्त आणि फॉस्फरसयुक्त द्रव्याचे कवच लागते. आधुनिक मोटारींच्या धुराड्यातला धूर शुद्ध करणारा भाग फॉस्फरसने खराब होतो, म्हणून २००४ च्या सुमारास आलेल्या मानकाने पातळ तेलांत त्याची मर्यादा शेकडा ०.०८ वर आणली. नव्यांना ते हिताचे, जुन्यांना अपुरे. तेव्हा जुन्या मोटारींसाठी म्हणून निघणारे, जस्त पुरेसे असलेले तेल घ्यायचे हे ठरले. आणि ते खनिजच घ्यायचे, कारण ही मोटार वर्षाकाठी दोनशे किलोमीटर चालली तरी डोक्यावरून पाणी. सिंथेटिकचा मोठा गुण त्याचे दीर्घायुष्य. पण उभ्या मोटारीत तेल चालून खराब होत नाही, आत धरलेल्या दमटपणाने आणि पेट्रोलच्या अंशाने होते. ते महाग असो की स्वस्त, वर्षाला एकदा काढून टाकलेच पाहिजे. मग दर वर्षी पाच-सहा लिटर सोने कशाला ओतायचे? त्यापेक्षा साधे तेल वेळेवर बदललेले बरे.

दोन्ही पक्षांनी निकाल मान्य केला. मिस्त्रींनी चेंबर उतरवून गाळ खरवडून काढला, इंजिन फार न तापवता एकदा तेल भरून ओतले आणि मग वीस-डब्ल्यू-पन्नास भरले. काढलेले तेल त्यांनी पिंपात जमा केले. ते गटारात ओतायचे नसते, हेही जाता जाता सांगतो. बाकीच्या वाचकांना माझे सांगणे इतकेच की, गाडी नवी असेल, टर्बोची असेल, पुस्तकात सिंथेटिक सांगितले असेल, तर तिथे काटकसर करू नका. पुस्तकात नसेल तर शेजाऱ्याच्या सांगण्यावरून उधळपट्टीही करू नका. आणि कोणतेही तेल घातले तरी तारीख लिहून ठेवा.

पाडव्याच्या सकाळी काकू नऊवारी नेसून, डोक्याला रुमाल बांधून आप्पाकाकांच्या शेजारी बसत त्याच जागी बसल्या. पुतण्या चालवायला. मी आणि मिस्त्री मागून स्कूटरवर. सिंहगड रस्त्यावर नेहमीप्रमाणे गर्दी होती. वडगावच्या चौकात मोटार बराच वेळ खोळंबली, इंजिन तापले. मी स्कूटर पुढे घेऊन काट्याकडे पाहिले. काटा विसाच्या खाली आला नाही. पुढे रस्ता मोकळा झाला तसा तो चाळिसाच्या वर जाऊन ठाम उभा राहिला. मागून मिस्त्रींनी माझ्या खांद्यावर हात दाबला. त्यांना काटा दिसत नव्हता, पण इंजिनाचा आवाज कळत होता.

धरणाजवळ सावलीत मोटार थांबवली. काकूंनी पिशवीतून एक चांदीची वाटी काढली. पाडव्याला आप्पाकाकांना लावायच्या त्याच सुवासिक तेलाची. त्यात बोट बुडवून त्यांनी मोटारीच्या नाकावर, बरोबर मध्यभागी, एक टिपका लावला. कुणी काही बोलले नाही. मग त्या पाण्याकडे पाहत बराच वेळ बसून राहिल्या.

निघताना पाहिले तर मोटारीखाली तेलाचे चार थेंब पडले होते. पुतण्याचा चेहरा उतरला. मिस्त्री हसले, “असू द्या. थेंब पडतोय, म्हणजे आत तेल आहे.”

काकूंनी वाकून पाहिले. “आप्पांच्या वेळेपासूनची खोड आहे ही तिची,” त्या म्हणाल्या. “जाईल तिथं सही करून यायची.”

घरी आल्यावर मी वही उघडली. सहा कोरी पाने तशीच ठेवली. ती भरून काढण्याचा उपाय नाही. सातव्यावर तारीख, किलोमीटर आणि तेलाचा प्रकार लिहिला. पुढच्या पाडव्याची तारीखही त्याच पानावर खाली लिहून ठेवली आहे. काकूंनी ती वाचली आणि म्हणाल्या, “शाईनं लिहिलीस ना? मग ठीक आहे.”